गोदाआत्यांचं अंगण

नवी नवरी म्हणून जिंतूरजवळच्या आमच्या खेड्यात मी आले, तेव्हा गोदाआत्या अंगणात उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांची दोन बोटं एका काळ्या कुत्र्याच्या जबड्यात होती. "थांब गं पोरी," मान वर न करता त्या म्हणाल्या, "आदी ह्याच्या घशातला वहाणेचा तुकडा काडू दे, मंग वलांड माप." सगळं वऱ्हाड उन्हात ताटकळलं. चामडं बाहेर आलं तेव्हाच माझा गृहप्रवेश झाला.

गोदाआत्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या. भावांशी भांडून त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला होता आणि तो स्वतः कसत होत्या. त्यांचा एक कुत्रा अंगणात सांडलेली एरंडीची पेंड खाऊन तडफडून मेला होता. तेव्हापासून पेंडीचं पोतं माळवदावर गेलं, पोती शिवायचं दाभण खुंटीला लागलं. काच, हाडूक, दोरीचा तुकडा, काही दिसलं की आत्या वाकायच्याच. सासूबाई हसायच्या, "देवघर तरी इतकं झाडता का, वन्सं?"

"देव पडलेलं उचलून खात न्हाई," आत्या म्हणायच्या.

काळ्या आणि रतनी या दोन्ही कुत्र्यांना त्या जुन्या दाव्याची जाड गाठ चघळायला द्यायच्या. "चावायचा सोभावच हाय त्येंचा. मारून जायाचा न्हाई, दुसरं कायतरी द्यावं लागतंय." शिवाय रोजची शिकवणी असे. तूप लावलेली भाकरी खाली ठेवायची आणि "अंहं" म्हणायचं. कुत्रे लाळ गाळत बसून राहिले, की दुसरा तुकडा त्यांना हातानं भरवायचा. खालचा कधीच नाही.

मग निजामी अमदानीचा तो शेवटचा उन्हाळा आला. हत्यारबंद टोळ्या कधीही गावात शिरत. आत्यांचे कुत्रे वेशीवरच्या पावलांनाच भुंकायचे आणि तेवढ्या अवकाशात लेकीसुना मागच्या ओढ्यात उतरायच्या. टोळ्यांना सामील असलेल्या चावडीवरच्या जमादाराच्या हे ध्यानात आलं. तो दारात येऊन म्हणाला, "बाई, कुत्ते मारना पडेगा. हुकूम है."

"हुकूम तुमचा आसंल. कुत्रे माजे हायेत."

आठवडाभरात गावातले बाकीचे कुत्रे एकेक करून मेले. मग एका दुपारी आत्या शेतात असताना भिंतीवरून मटणाचे तुकडे आमच्या अंगणात पडले. मी दारात थिजले. रतनी उठली, तुकड्याजवळ गेली, हुंगलं. तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मग ती मागं सरली आणि काळ्याशेजारी जाऊन बसली.

आत्या आल्या. त्यांनी दोघांना पोटाशी धरलं, भरपूर भाकरी चारली. मग ते तुकडे पळसाच्या पानात गोळा करून भर उन्हात चावडीकडे निघाल्या. मी पाठोपाठ गेले. त्यांनी पान जमादारापुढं ठेवलं.

"तुमच्याकडून जेवन आलतं. माज्या कुत्र्यांनी खाल्लं न्हाई. तुमी खा."

"पागल हुई क्या?" तो उठलाच.

"खात न्हाई तर गावासमोर सांगा, ह्यात काय हाय."

त्यानं त्यांना चावडीसमोर उन्हात उभं केलं. माफी माग, म्हणाला. आत्या उभ्या राहिल्या. काही वेळानं माझे पाय आपोआप पुढं झाले आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. मग कुंभाराची सून आली, तिची सासू आली, वाण्याची म्हातारी आली. बायांची रांग रस्त्यापर्यंत गेली. दिवस कलला तसा जमादार घोड्यावर बसून निघून गेला. अंगणात पुन्हा कधी काही पडलं नाही.

पोलीस ॲक्शननंतर गावात सभा भरली. आत्यांना हार घालायचा होता. पाहुण्यांनी आदरानं विचारलं, "बाई, आपण नेमकं काय केलंत?"

आत्यांनी हार हातानंच थोपवला.

"काय केलं? टाकलेलं खाल्लं न्हाई."