हँडगार्डखालचा दोरा

नोव्हेंबरचा दुसरा सोमवार, सकाळच्या चहानंतर. जागा: छावणीतली आमच्या कंपनीची कोत, म्हणजे शस्त्रागार. हजर: कंपनीचे सुभेदार साहेब, वर्कशॉपमधून आलेला आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, पहिल्या प्लाटूनचे जवान आणि मी, कोत सांभाळणारा हवालदार. गैरहजर: दोघे रजेवर, एक इस्पितळात. त्यांच्या रायफली मात्र हजर होत्या, म्हणून त्याही तपासल्या.

तपासणी अचानक होती. एरवी आठवडाभर आधी कळवतो आणि मग सगळ्या नळ्या आरशासारख्या मिळतात. या वेळी मला रोजची अवस्था बघायची होती. दोरीला बांधलेली पांढरी चिंदी नळीतून ओढायची, बाहेर आली की उजेडात धरायची. चिंदी पांढरी असेल तर जवान मोकळा. त्या दिवशी बहुतेकांच्या चिंद्या पांढऱ्याच होत्या. मग मी आर्मोररला हँडगार्ड काढायला सांगितलं. नळीभोवती हातात धरायचं जे आवरण असतं ते रोजच्या सफाईत कोणी काढत नाही.

एका लान्स नाईकच्या रायफलीचं आवरण निघालं आणि आर्मोररचा हात थांबला. नळीला काळा दोरा गुंडाळलेला होता. त्याच्याखाली आणि आजूबाजूला गंज, अंगठी घातल्यासारखा गोल.

हा लान्स नाईक खुलताबादजवळच्या एका शेतकरी घरातला. नेमबाजीत चांगला, बोलायला कमी. नाईकच्या बढतीच्या यादीत त्याचं नाव होतं. वय आणि नोकरी बघता ही संधी हुकली तर पुढे फार संधी नव्हत्या. लान्स नाईक राहूनच घरी जावं लागलं असतं. त्यामुळे रायफलीच्या बाबतीत निष्काळजीपणाची नोंद म्हणजे काय, हे त्याला, मला आणि सुभेदार साहेबांना न बोलता कळलं.

"उस्ताद, नळी बघा की," तो म्हणाला. "आतून एक डाग नाय."

"नळी बाहेरूनही नळीच असते. हे काय आहे?"

"आईनं दिलंय. दर्ग्यातनं आणलं. दसऱ्याच्या पूजेत नारळाच्या पाण्यात भिजवून बांधलं."

दसऱ्याची शस्त्रपूजा कोतीसमोर होते. हळदकुंकू, झेंडू, नारळ. संध्याकाळी प्रत्येक रायफल पुसून, तेल देऊन आत घ्यायची असा माझा दंडक आहे आणि तो त्यानं पाळला होता. वरून सगळं पुसलं होतं. आतला दोरा मात्र ओला राहिला, आणि त्यानं तो सोडला नाही. मागे सीमेवरच्या पोस्टवर असताना असाच दोरा त्याच्या रायफलीला होता. फायरिंगच्या उष्णतेनं तो जळून गेला, पण लान्स नाईक सुखरूप परत आला. तेव्हापासून आई दर दसऱ्याला नवा दोरा देते.

मी सगळ्यांची आवरणं काढायला सांगितली. आणखी पाच रायफलींत दोरे निघाले, एकीत ताईत, एकीत सुकलेली झेंडूची पाकळी. गंज कुठंच नव्हता. मी कारण विचारलं तर मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "उस्ताद, माझ्या दोऱ्याला मी दर शनिवारी तेल पाजतो. म्हणून त्याची तब्येत बरी हाय."

रांग हसली. लान्स नाईक हसला नाही.

सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. "हवालदार, पोरगं चांगलं आहे. पॉलिश पेपर मारा, तेल लावा, विषय मिटवा."

"साहेब, डाग जाईल, पण गंजानं पडलेला खड्डा राहील. आर्मोररच्या बोटाला तो लागलाय."

"यादी पुढच्या आठवड्यात जाणार आहे."

"म्हणूनच. उद्या तो नाईक झाला की दुसऱ्यांच्या रायफली तोच तपासणार. आणि ही रायफल कुणा दुसऱ्याच्या हातात जाईल. त्याला हा खड्डा ठाऊक नसेल."

साहेबांनी त्या रायफलीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "लिहा. पण दोऱ्याबद्दल लिहू नका. गंज लिहा."

मी गंज लिहिला. कंपनी कमांडरसमोर पेशी झाली, नोंद झाली, रायफल वर्कशॉपला गेली. त्या खेपेच्या यादीत त्याचं नाव गेलं नाही.

पेशीच्या आधी, तपासणीच्याच सकाळी, सगळ्यांनी आपापले दोरे सोडवले. कोणी मनगटाला बांधले, कोणी पाकिटात घातले. लान्स नाईकचा दोरा गंजाला चिकटला होता. ब्रशनं खरवडताना त्याचा भुगा झाला. तो त्यानं चिंदीवर गोळा केला आणि मला विचारलं, "हे कुठं टाकू, उस्ताद?"

वापरलेल्या चिंद्या आम्ही मोजून जाळतो. ती चिंदी त्यानं घडी करून खिशात ठेवली. मी बघितलं आणि मोजणीत एक कमी धरली.

पेशीनंतर तो कोतीत आला. ताठ उभा राहिला. "शिक्षा बरोबर हाय. रायफल माझी, गंज माझा. पण एक विचारू? दोरा बांधायचा नाय, हे कुठं लिहिलंय?"

मी भिंतीवरचे आदेश वाचून पाहिले, जरी ते मला पाठ आहेत. तेल किती, चिंदीचा आकार, पावसाळ्यात किती वेळा सफाई, सगळं आहे. दोऱ्याबद्दल नाही.

तेव्हापासून ती ओळ लिहायला बसतो आहे. 'रायफलीवर काहीही बांधू नये' असं लिहिलं, तर खांद्याचा पट्टाही बांधलेलाच असतो. 'धार्मिक वस्तू' असं लिहिलं, तर आईनं दिलेला दोरा त्यात येतो का, हे मला ठरवता येत नाही. 'आवरणाखाली' लिहिलं, तर कुणीतरी मागच्या दस्त्याच्या पोकळीत ठेवेल. आणि नुसती मनाई लिहून भागणार नाही. तो दोरा मग जवानानं ठेवायचा कुठं, हेही मला सांगावं लागेल.

नवे आदेश टाइप झाले आहेत. बाकीच्या कलमांवर सुभेदार साहेबांनी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. शेवटचं कलम कोरं आहे. बढतीची पुढची यादी निघण्याआधी ते लिहून व्हायला हवं.