दोन उजव्या बाह्या

मी चारचौघांत फारसा बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. का बोलत नाही, ते आज सांगून टाकतो. एकदाच बोललो होतो, आणि ते पुरलं. हसायचं ते शेवटी हसा. मध्ये हसलात की माझं बोलणं अडकतं.

नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी म्हैसुरात काकांच्या शिलाईच्या दुकानात आहे. पहिल्याच दिवशी काकांनी मंत्र दिला. "कापड आलं की आधी कात्री लाव. अख्खं कापड गिऱ्हाईक परत मागेल. कापलेलं घेऊन कुठे जाणार? मग खुशाल म्हणायचं, नाळे बन्नी."

नाळे बन्नी म्हणजे उद्या या. आमच्या दुकानात सुईदोऱ्याहून जास्त हेच वापरलं जातं.

त्या वर्षी गटाराचे पाइप घालायला गल्लीत चर खणला, अगदी आमच्या पायरीला लागून. खणणारे खणून गेले ते गेलेच. तीन महिने झाले, दसरा तोंडावर आला. दसरा म्हणजे आमचा हंगाम, आणि दुकानात यायचं तर फळीवरून तोल सांभाळत. एक आजी फळीच्या मध्यापर्यंत आल्या, खाली बघितलं आणि ब्लाउजचं कापड छातीशी धरून उलट्या पावली परत गेल्या. काका म्हणाले, "असंच चाललं तर दसऱ्याला मशीनची पूजा करून कुलूपच लावायचं."

आमच्या बाकावर पापण्णा नावाचे एक निवृत्त गृहस्थ रोज पेपर वाचायला बसत. ते म्हणत, "सरकार चुकतं असं वाटतं तुम्हाला? अहो, सगळं मुद्दाम. चर उघडा ठेवायचा, म्हणजे निवडणुकीपर्यंत आपण त्यांच्या दारात."

मला ते एकदम पटलं. न पटून सांगतो कुणाला? आमचाच मंत्र होता तो.

आता एक गोष्ट लपवलेली आहे, ती सांगतो. त्याच सुमारास एक म्हातारे ड्रायव्हर करड्या रंगाचं भारी कापड घेऊन आले होते. मापाला जुना कोट. "आमच्या साहेबांना दसऱ्याला घालायचाय." मी लगेच कात्री लावली. बाह्या कापताना कापड दुमडून घेतात, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. कापड पुरवायच्या नादात मी सुटी सुटी कापली. कच्चे टाके घातल्यावर कळलं, दोन्ही उजव्या निघाल्या.

काकांना सांगायची छाती नव्हती. तसलं कापड सगळ्या बाजारात मिळेना. कोट कपाटाच्या तळाशी गेला. ड्रायव्हर आले की मी म्हणायचो, नाळे बन्नी. त्यांनी किती फेऱ्या मारल्या, विचारू नका.

आणि एका सकाळी नगरसेवक चर बघायला आले. गल्ली गोळा झाली. बोलणं सगळं कन्नडमधून, तुम्हाला मराठीत सांगतो. पापण्णांनी मला पुढे ढकललं. "बोल रे, तू तरुण आहेस."

मला असं बोलायची सवय नव्हती. पण तोंड उघडलं ते मिटेचना.

"सर, हे मुद्दाम आहे. शिंप्याला विचारा. आम्ही पण आधी कापड कापून ठेवतो, म्हणजे गिऱ्हाईक अडकतं. मग महिनोन् महिने फिरवतो. तुम्ही रस्ता कापून ठेवलाय."

मागे काकांच्या हातातली कात्री पडली. गल्लीतली निम्मी माणसं आमचीच गिऱ्हाइकं. सगळ्या माना चराकडून काकांकडे वळल्या.

"सुम्ने, उगीच बडबडतोय तो," काका म्हणाले. "पोरगं आहे, काहीतरी बोलतं."

नगरसेवक पोट धरून हसले, मला धाकट्या भावासारखं तम्मा म्हणाले. "तम्मा, मुद्दाम करायला डोकं लागतं. आमचे पाइप चुकीच्या मापाचे आले. वर सांगायची कुणाची हिंमत नाही. म्हणून काम चालू आहे, चालू आहे, म्हणत बसलेत."

हे तर माझंच चरित्र. तेवढ्यात नगरसेवकांच्या पाठीमागून एक ओळखीचा चेहरा पुढे आला. म्हातारे ड्रायव्हर.

"साहेब, आपला कोट याच दुकानात आहे."

"असं का?" नगरसेवक माझ्याकडे वळले. "मग माझा कोटही मुद्दाम अडवलास की काय?"

आता सांगा, काय म्हणणार? चुकलो म्हणावं तर गल्लीसमोर मी अडाणी. मुद्दाम म्हणावं तर निदान हुशार तरी. मी म्हणालो, "होय सर, मुद्दाम."

"म्हणजे कोट तयार आहे. आण."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणला. काय करता? कच्च्या टाक्यांचा कोट त्यांनी तिथेच अंगात घातला. उजवा हात नीट गेला. डावा गेला तो असा वळून, जणू पाठीमागून कुणी त्यांना बोलावतंय. नगरसेवकांनी ती बाही चिमटीत धरून वर केली.

"आणि हे? हे पण मुद्दाम?"

काकांनी कपाळाला हात लावला.

पण माणूस दिलदार. म्हणाले, "मी वर खरं सांगतो, तू तुझ्या काकांना सांग." आठवड्यात योग्य मापाचे पाइप आले, चर बुजला. कोटाचं बिनबाह्यांचं जाकीट झालं, आणि दसऱ्याला त्यांनी ते घातलंही.

परवा पापण्णा बाकावर एका नव्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "हा पोरगा दिसतो मुका, पण डाव बघा. चर बुजवून घ्यायला याने नगरसेवकाच्या कोटाला मुद्दाम दोन उजव्या बाह्या लावल्या."

तो माणूस माझ्याकडे आदराने बघायला लागला. "खरंच?"

काका मशीनवरूनच म्हणाले, "सांग की आता त्यांना खरं काय ते."

मी त्याचं कापड घेतलं, कात्री लावली आणि म्हणालो, "नाळे बन्नी. सांगतो."