वॉचमनची तारीख

आमच्या रसायनीच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्या हजेरी-रिपोर्टात रात्रपाळीवाले कामावर यायच्या आधीच घरी जायला लागले. रात्री नऊला आत, पहाटे पाचला बाहेर, आणि तारीख दोन्हीकडे एकच! साहेब मला म्हणाले, "चूक सापडली नाही, तर तुम्हीही घरी जा."

चार दिवस मशीनशी झटून शेवटी मी पहाटेच गेटवर गेलो. कशेळ्याकडचा म्हातारा वॉचमन रजिस्टर लिहीत होता; त्यावरूनच मी मशीनमध्ये हजेरी भरायचो. शाईची पेन्सिल चाटून चाटून त्याची जीभ जांभळी झालेली. सुटणाऱ्यांच्या वेळा बरोबर, तारीख मात्र कालची.

"मामा, तारीख रात्री बारालाच बदलते!"

त्याने हनुवटीनेच डोंगराकडे दाखवलं. "अजून उजाडलं नाय, दिवस कसा बदलंल? बाराला कोंबडा तरी आरवतो का, सायेब?"

ऊन आल्यावरच त्याने सूर्याला हात जोडले आणि कॅलेंडरचं कालचं पान फाडलं.

त्याला बदलणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. शेवटी मुंबईच्या इंजिनिअरने मशीनलाच सकाळी सहापर्यंत कालची तारीख धरायला लावली. रिपोर्ट सुधारला, हे मी गेटवर जाऊन सांगितलं.

"शिकला म्हणायचा तुमचा कंपुटर," पेन्सिल चाटत तो म्हणाला. "नवा हाय. सुरवातीला चुकायचाच."