मेंढरांचा नंबर आणि अध्यक्षांचा पासवर्ड

चौसाळ्यातल्या आमच्या मेंढपाळ संस्थेत एकच संगणक. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली प्रणाली मीच टाकली, आणि मुख्य पासवर्ड एकट्या अध्यक्षांच्या हाती देण्याचा गाढवपणाही माझाच. मेंढराच्या कानातला बिल्ला वाचणारी कांडी यूएसबीला लावली की टूं वाजायची, पण पडद्यावर नंबराऐवजी यायचं, परवानगी नाही. अध्यक्षांनी पासवर्ड टाकला तरच नंबर दिसायचा. म्हणजे स्वतःच्या मेंढराचा नंबर बघायलाही साहेबांची वाट बघा. याला ते सुरक्षा म्हणायचे. मी याला मिजास म्हणतो.

त्या सकाळी एक मावशी आपली मेंढरं घेऊन खिडकीशी उभी होती. दुपारी कळप माजलगावकडं निघणार होता. मेंढरांचे नंबर घालून लस टोचल्याचा छापील दाखला नसेल तर तिकडचे शेतकरी यंदा रानात मेंढरं बसवू देणार नव्हते.

मी अध्यक्षांना घरून उठवून आणलं आणि संस्थेच्या कारभारावर मी पत्रकं काढतो, त्यांत लिहितो तसंच तोंडावर सांगितलं, "पासवर्ड सगळ्यांचा आहे. भिंतीवर लिहा."

नोंदी करणारी ताई वैतागली. "भिंतीवर कशाला? उद्या कुणी सगळा संगणकच पुसंल. मला पासवर्ड नको, भाऊ. माझी कांडी तेवढी चालू दे."

ती बरोबर होती. घोषणेच्या नादात मला एवढं साधं सुचलं नव्हतं. मी एका ओळीचा नियम लिहिला: ही कांडी जोडली की नोंदी करणाऱ्यांच्या गटाला ती वापरता यावी, बाकी कशालाच हात नाही. ताईला त्या गटात घातलं. हे सगळं जतन करायला पासवर्ड लागलाच.

"टाका, एवढा शेवटचा," मी म्हणालो.

"लई बोलतो बे तू," म्हणत अध्यक्षांनी टाकला.

कांडी काढून परत लावली. परवानगी नाही. अध्यक्ष मिशीत हसले. मग ध्यानात आलं, ताई सकाळपासून लॉगिन करूनच बसली होती. संगणकातून बाहेर पडून परत लॉगिन केल्याशिवाय नवा गट तिला लागू होणार नव्हता. तिनं लॉगआउट केलं, परत लॉगिन केलं. मी कांडी वायरीसकट खिडकीबाहेर धरली, मावशीनं मेंढराची मान आवळली. टूं. नंबर पडद्यावर.

"म्हंजी आता आमाला बोलवायचं कामच न्हाई?" अध्यक्षांनी विचारलं.

"काहून बोलवावं?" मावशी पुढचं मेंढरू ओढत म्हणाली. "बसा की. खुर्ची हायच."

दुपारच्या आत दाखला छापून निघाला. त्यावर अध्यक्षांच्या सहीला जागाच नव्हती. कधीच नव्हती.