पत्रपेटीवरचे देशपांडे

नावांचा इतका धसका घेतलेला माणूस उभ्या जर्मनीत दुसरा सापडायचा नाही. रेगेन्सबर्गच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, म्हणून तळमजल्यावरचे काका. गाड्यांच्या एका कंपनीत ते प्रोग्रॅम लिहायचे. प्रोग्रॅमला आयते जोडायचे जे तुकडे असतात, ज्यांना लायब्ररी म्हणतात, त्यांना नाव कसं द्यावं या एकाच प्रश्नावर त्यांनी अख्ख्या ऑफिसचं डोकं उठवलं होतं. त्या ऑफिसात मीही होतो, त्यामुळे मला हा प्रसाद दोन्हीकडे मिळायचा.

आमची ओळखच टकरीतून झाली. इथे फ्लॅटला नंबर नसतो. पत्रपेटीवर आडनाव असलं तर पोस्टमन पत्र टाकतो, नसलं तर परत पाठवतो. आल्या दिवशी मी ऐटीत ‘देशपांडे’ अशी चिठ्ठी चिकटवली. चौथ्या दिवशी काका दारात, हातात माझी तीन पत्रं.

“मीही देशपांडे, आणि आधी आलोय,” ते म्हणाले. “एका इमारतीत एका नावाच्या दोन गोष्टी! ऑफिसात गेनाऊ, अगदी हाच घोळ आहे.”

“मग मी ‘तिसरा मजला’ असं खाली लिहितो,” मी म्हणालो.

“नावात पत्ता घालायचा नाही! उद्या दुसऱ्या मजल्यावर गेलास तर? लोक लायब्ररीच्या नावात कंपनीचा पत्ता घालतात, मग कंपनीच उठून जाते. तुझा जन्म कुठला?”

“मिरजेचा.”

“हां. ते काही हलत नाही.”

तेव्हापासून मी ‘देशपांडे, मिरज’ आणि ते ‘देशपांडे, वाई’. पोस्टमनला ती आमची पाळण्यातली नावं वाटली. तो मला शेवटपर्यंत ‘हेर मिरज’, म्हणजे मिरजसाहेब, म्हणत आला.

काकांच्या घरात ‘नवीन’ या शब्दाला बंदी होती. काकूंनी एकदा बरणीवर ‘नवीन लोणचं’ लिहिलं, तर काका हादरलेच. “पुढच्या वर्षी काय लिहिशील? जास्त नवीन?” मग बरणीवर फळ कुठलं, घातलं कुणी, खेप कितवी, असं सगळं यायला लागलं. एकदा काकूंनी चमचाभर तिखट कमी घातलं, तर तिसऱ्या खेपेची चौथी झाली. “अहो, एका चमच्यासाठी?” काकू करवादल्या. “जिभेला कळतं ना? मग आकडा बदलायचा,” काका शांतपणे म्हणाले आणि दुसरी फोड उचलली.

ऑफिसात लोक त्यांना हसायचे. पण एकदा दोन टीमनी आपापल्या लायब्ररीला ‘टाइम’ हेच नाव दिलं. एक सेकंद मोजायची, दुसरी सेकंदाचे हजार भाग करायची. चाचणीच्या वेळी नेमकी भलतीच जोडली गेली, एका सेकंदाचे हजार सेकंद झाले आणि वायपर एकदा हलून पुढची सतरा मिनिटं विचार करत बसला. काका त्याच्यासमोर खुर्ची घेऊन सतरा मिनिटं बसले. इतकं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांचा सगळ्यात कडक नियम मात्र वेगळा होता. एकदा जगाला दिलेलं नाव काढून घ्यायचं नाही. त्यावर कोण विसंबून आहे, आपल्याला माहीत नसतं. त्यांच्या पत्रपेटीवर दुसरी ओळ होती ती मुलीची: ‘देशपांडे, रेगेन्सबर्ग’. मुलगी लग्न होऊन गेर्लिंगेनला गेली, तिनं नवऱ्याचं जर्मन आडनाव लावलं, फोनवर बोलायची तीही जर्मनमधूनच. काका मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

मग नव्या पत्रपेट्या आल्या. इमारतीचा कारभार बघणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगनं कळवलं, राहतात त्यांचीच नावं लागतील. काकांनी आपला नियम मुद्देसूद, दोन पानी, शुद्ध जर्मनमध्ये लिहून पाठवला. एका ओळीचं उत्तर आलं: हे नाव सध्या कोण वापरतं?

काका ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. “आठ वर्षांत तिच्या नावानं एक पत्र आलेलं नाही रे,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना न सांगता गेर्लिंगेनला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं, “आल्झो गुट,” म्हणजे ‘बरं तर’, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन दिवसांनी पेटीत पोस्टकार्ड पडलं. नाव तिचं, माहेरचं, पत्ता काकांचा. मागे लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरांत, पण मराठीत: ‘बाबा, हे नाव मी वापरते. काढू नका.’

काकांनी ते कार्ड पुरावा म्हणून पाठवायला साफ नकार दिला. झेरॉक्स पाठवली. नाव राहिलं, आणि दर महिन्याला तिच्या नावानं एक कार्ड येऊ लागलं.

आता मी उंटरश्लाइसहाइमला असतो. इथे पेटीवर नुसतं ‘देशपांडे’ आहे, कुणाशी टक्कर नाही, आणि त्याचंच चुकल्यासारखं वाटतं. परवा काकू फोनवर म्हणाल्या, “अरे, तुझी ती ‘मिरज’वाली चिठ्ठी ह्यांनी आमच्या पेटीवर लावून ठेवलीये, मुलीच्या खाली.”

आज एक पोस्टकार्ड आणलंय. पत्ता त्यांचा घालायचा, नाव माझं. मिरजेसकट.