केमिकल शून्य, हादगा फक्त

"मॅडम, माझं थायरॉइड लई वाढलंय म्हणं. डाक्टरनं थायरॉइडची गोळी निम्मी केली." सुनंदाताई पॅकिंगच्या टेबलाला टेकून सांगत होत्या. चेहरा सुजलेला, डोळे जड, आणि भर दुपारी अंगात स्वेटर. मला काही पटेना. थायरॉइड वाढलेलं माणूस वाळतं, त्याला घाम फुटतो. ही बाई तर काकडत होती.

मी पौडजवळच्या एका व्हिटॅमिनच्या कारखान्यात क्वालिटी बघते. गोळी तपासायची आणि बॅचवर सही करायची. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. ऐकायला केवढा मोठा अधिकार! पाकिटावर काय छापायचं ते मात्र मार्केटिंग ठरवतं. मार्केटिंग म्हणजे रोहन सर, मालकांचे जावई.

आमची सगळ्यात खपणारी गोळी केसांची. पाकिटावर कोळवण खोऱ्यातल्या भातखाचरांचा फोटो आणि खाली 'फक्त हादगा. केमिकल शून्य.' ज्या हादग्याच्या फुलांची आपण भाजी करतो, त्याच्याच पानांचा हा अर्क. आता नुसत्या पानांनी कुणाचे केस वाढायला बसलेत? पुरवठादार त्यात बायोटिन घालून पाठवतो. बायोटिन हे ब गटातलं व्हिटॅमिन, आणि हे कारखान्यात बनलेलं. आमच्या एका गोळीत ते रोजच्या गरजेच्या कित्येक पट होतं. मी रोहन सरांना म्हटलं होतं, नाव आणि प्रमाण छापा.

"बायोटिन वाचलं की लोकांना केमिस्ट्रीचा तास आठवतो," ते म्हणाले. "हादगा वाचलं की शेत आठवतं."

त्या फोटोतल्या शेतात हादग्याचं एक झाड नाही, हेही मी सांगून पाहिलं. ते नुसते हसले.

दिवाळीला मालकांनी कामगारांना मिठाईऐवजी याच गोळ्यांचे डबे वाटले. सुनंदाताईंनी स्वतःचा डबा संपवला, मग जावेचाही. फुकटचं म्हणून नव्हे. केस खरंच गळत होते बिचारीचे.

"ताई, दुसरं काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं नाही?"

"इचारलं की! केसांसाठी बायोटिन-बिटिन घेता का म्हणलं. मी म्हणलं, न्हाई बा. आमी आपल्या हादग्याच्या घेतुया, कंपनीच्या. मग हरकत न्हाई म्हणलं."

डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला होता आणि बाईंनी त्यांना आमचं पाकीट जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं.

झालं होतं ते असं. थायरॉइडच्या बऱ्याच रक्त तपासण्यांमध्ये मशीनच बायोटिन वापरतं. रक्तात बाहेरचं बायोटिन भरपूर असलं की ते मशीन फसतं आणि थायरॉइड वाढल्याचा रिपोर्ट देतं. सुनंदाताईंचं थायरॉइड मुळातच मंद, रोजच्या गोळीवर चाललेलं. खोट्या रिपोर्टपायी खरी गोळी निम्मी झाली होती. पुढचा रिपोर्ट तसाच आला असता तर ती बंदच होणार होती.

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मॅडम, हे मी कुठे वाचायला हवं होतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सुनंदाताईंनी आमच्या गोळ्या बंद केल्या. काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, तेव्हा थायरॉइड पार मंदावलेलं निघालं. डॉक्टरांनी औषध पहिल्यासारखं सुरू केलं. मी मात्र तडक रोहन सरांच्या केबिनमध्ये गेले.

"बायोटिनचं नाव, त्याचं प्रमाण आणि रक्त तपासणीआधी गोळी थांबवण्याची सूचना. तिन्ही छापा. नाहीतर पुढच्या बॅचवर सही नाही."

"मॅडम, इशारा छापलेलं व्हिटॅमिन कोण घेणार? त्या बाईंना त्रास झाला, वाईट वाटतं. पण नॅचरल गोष्टीनं कुणाला काही होत नसतं हो."

माझं डोकंच फिरलं. "अहो, कसलं नॅचरल! इतकं कोंबलंय त्यात, की लॅबचं मशीनसुद्धा गंडतं!"

रोहन सर खुर्चीत ताठ बसले.

"परत म्हणा."

"काय परत म्हणा?"

"मशीनचं म्हणालात ते."

नवं पाकीट आलं. 'बायोटिन' हे नाव हादग्याच्या दुप्पट आकारात, शेजारी प्रमाण. 'केमिकल शून्य' गायब. खाली लाल पट्टीत: 'इतकं पॉवरफुल, की लॅबच्या मशीनलाही जाणवतं! रक्त तपासणीआधी गोळी थांबवा, डॉक्टरांना जरूर सांगा.' जास्तीचं बायोटिन लघवीवाटे निघून जातं, एवढं छापायचं राहिलं. किंमतही वाढली. मला हवं ते सगळं त्यात होतं, म्हणून दात-ओठ खात सही केली. दुकानांत गेलेल्या जुन्या डब्यांवर बायोटिनचं नाव घालून तीच लाल पट्टी चिकटवायला माणसं पाठवली, आणि तीही रोहन सरांनी हौसेनं पाठवली.

सुनंदाताई आता बऱ्या आहेत. नवा माल भरताना त्यांनी एक पाकीट उचललं, लाल पट्टी सावकाश वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी मॅडम, मला जे झालं, त्याचीच जाहिरात केली व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

तेव्हापासून वरच्यांना धोका सांगायचा असला की मी काळजीचा सूर लावत नाही. धमाका ऑफर असल्यासारखी सांगते. लगेच छापून येतं.