आबांनी सोडलेली हवा

मंडळी, घाईघाईत लिहून राहिलोय. चुका सांभाळून घ्या.

आज सकाळी लातूरहून नांदेडला निघालो. मी, बायको आणि माझी लाडकी टर्बो गाडी. रस्ता मोकळा, वेग शंभराच्या वर. स्टेअरिंग जड लागत होतं, पण म्हटलं रस्ताच खराब असेल.

अहमदपूरच्या अलीकडं पाण्याचा टँकर एकदम आडवा वळला. मी स्टेअरिंग फिरवलं, तर गाडी वळायच्या आधी नुसती डुलली. मागची चाकं घसरत थेट टँकरकडं गेली. बायको "अहो!" एवढंच ओरडली. हातभर अंतरानं वाचलो.

उतरून टायरला हात लावला, तर चटका बसला. पंक्चरवाल्याकडं हवा मोजली. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर हवेचा आकडा तेहतीस लिहिलाय, चारही चाकांत बावीस. चार चाकं एकदम पंक्चर होत नसतात.

हवा भरून घेतली आणि तसेच माघारी फिरलो. माझे वडील, आबा, दारातच उभे होते.

"टायर फुटलं न्हाई ना? काल गाडी लई उन्हात व्हती, म्हणून म्याच हवा सोडली. सायकलीची बी सोडायचो की."

"आबा, कमी हवेनं टायर दबतं, जास्त तापतं आणि मग फुटतं."

"हाव," आबांनी मान डोलावली.

तुमच्या घरातही असं काळजी करणारं कुणी आहे का? निघण्याआधी हवा मोजा.

आता गाडीवर दुपारचं ऊन आलंय. खिडकीतून दिसतंय, आबा टोपी घालून तिकडंच निघालेत.